दुसऱ्यांच्या खोल्या

शकुन आगाशेला किळस फार लवकर येते, असं तिच्या माहेरी सगळे म्हणत. ते पुरतं खरं नव्हतं. गडियाहाटच्या बाजारात मासळीवाला कातला माशाचं डोकं फोडायचा तेव्हा ती समोर उभी राहून वाटा कसा हवा ते सांगायची, आणि पायावर उडालेलं पाणी तिथेच झटकून पुढे भाजीकडे वळायची. कलकत्त्यात जन्मलेल्या बाईला असली किळस परवडत नाही. तिला शिसारी यायची ती निराळ्याच गोष्टींची. शेजारच्या घरातलं भांडण गॅलरीत उभं राहून चवीने ऐकणारी माणसं, बसमध्ये शेजारच्याच्या फोनमध्ये मान घालून वाचणारे, आजाऱ्याला भेटायला येऊन डोळ्यांनी घराची झडती घेणाऱ्या बायका. तिचे वडील बालीगंजच्या एका शाळेत रसायनशास्त्र शिकवत. उघड्या दारावरही टकटक करायची, अशी त्यांची शिस्त होती. "दार उघडं आहे म्हणजे ये म्हटलंय असं नाही," ते म्हणायचे.

लग्नानंतरही शकुन बालीगंजातच राहिली. नवरा विजय सरकारी बँकेत, मुलगी रसिका कॉलेजात. शकुनची नोकरी सॉल्ट लेकला, सेक्टर फाईव्हमधल्या एका कंपनीत. परदेशातल्या विमा कंपन्यांचे दावे इथे तपासले जात. कोणाचं छप्पर वादळात उडालं, कोणाच्या तळघरात पाणी शिरलं, याची कागदपत्रं बघून खरंखोटं ठरवायचं. शकुन साध्या तपासनीसापासून चढत चढत गटप्रमुख झाली होती. तिच्या हाताखाली काम करणाऱ्यांत तापस मंडल सगळ्यांत जुना. बेहालाहून दोन बस बदलून यायचा, आणि तरी सगळ्यांच्या आधी जागेवर बसलेला असायचा. वयाने मोठा म्हणून ती त्याला तापसदा म्हणायची, आणि हुद्द्याने मोठी म्हणून तो तिला शकुनदी.

मग कंपनीने दोन मजले सोडून दिले. हमालांनी खुर्च्या उलट्या करून एकीत एक खुपसल्या आणि लिफ्टने खाली नेल्या. अर्णव सेनगुप्ता नावाचा नवा साहेब आला होता. उंच, हसरा, नेहमी बाह्या दुमडलेल्या. त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं की आता ऑफिस म्हणजे जागा नव्हे. काम कुठूनही करा, केव्हाही करा, तुमच्या सोयीने करा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या खोट्या नव्हत्या. तापसदाची आई अंथरुणाला खिळली होती. सकाळी तिला शेजारणीच्या भरवशावर सोडून येताना त्याच्या जिवाचं पाणी पाणी व्हायचं. त्या दिवशी त्याने जिन्यात शकुनला थांबवलं आणि म्हणाला, "देवानेच ऐकलं बघा, शकुनदी." शकुनलाही बरंच वाटलं. सकाळी निवांत बाजार करता येईल, रसिकाबरोबर जेवता येईल.

सोयीबरोबर फोनमध्ये एक ॲप आलं. त्याचं नाव 'साथी'. काम चालू असताना हा साथी मनाला येईल तेव्हा वाजायचा, आणि तो वाजला की हातातलं टाकून फोनसमोर तोंड न्यायचं. जरा उशीर झाला तर माणूस गैरहजर. फोन एकदम दोन फोटो काढायचा, पुढच्या कॅमेऱ्याने चेहऱ्याचा आणि मागच्या कॅमेऱ्याने खोलीचा. ग्राहकांची माहिती घराघरांत गेली आहे, तिथे आणखी कोणी बसलेलं नाही ना, हे बघायला नको का, असं कारण सांगितलं गेलं. हे फोटो गटप्रमुखाकडे यायचे. त्याने एकेक उघडून बटण दाबायचं: ठीक असेल तर हिरवं, शंका असेल तर पिवळं, नियम मोडला असेल तर लाल.

पहिल्या दिवशी शकुन हे काम घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसली आणि थोड्याच वेळात तिला समोरचा चहा गिळवेना. कोणी उघड्या अंगाने बसलेला, कोणाच्या तोंडात घास. कोणाच्या मागे न आवरलेलं अंथरूण, त्यावर वाळत टाकलेले आतले कपडे. एक पोरगेला इसम तर सरळ संडासातून तोंड दाखवत होता, मागच्या फोटोत बादली आणि नळ. तो तरी काय करणार? साथी वाजायची वेळ काही पोट बघून ठरत नव्हती. शकुनने हिरवं दाबलं आणि बोट पदराला पुसलं, जणू काही लागलं होतं.

पुढे नुसत्या ओंगळपणाची सवय झाली. तिला खरी किळस येऊ लागली ती आपल्याला काय काय कळतंय याची. गटातल्या पारोमिताचा नवरा आता वेगळ्या खोलीत झोपतो, हे तिला कळलं, कारण पलंगावर एकच उशी उरली होती. एकाच्या कपाटाखालची बाटली दिवसाच्या कोणत्या वेळी बाहेर येते, हे कळलं. एकीचं बाळ किती रडतं आणि तिचा चेहरा दिवसेंदिवस कसा ओढत चाललाय, हे कळलं. यातलं काहीही कोणी तिला सांगितलं नव्हतं. फोनवर ती पारोमिताला "कशी आहेस?" विचारायची, ती "मजेत" म्हणायची, आणि शकुनला स्वतःचाच आवाज लबाड वाटायचा.

एकदा रसिका पाठीमागून डोकावली.

"ई! आई, हे कोण? असे कसे बसलेत?"

"बघू नकोस. जा तिकडे."

"मी बघू नको, आणि तू बघतेस ते?"

पोरीने सहज म्हटलं आणि ती निघून गेली. शकुनने फोन पालथा घातला. पण संध्याकाळपर्यंतचे फोटो तपासायचे होतेच. नाहीतर साथी तिलाच गैरहजर ठरवत होता.

सोयीच्या वेळाही तशाच निघाल्या. काम केव्हाही करा, याचा अर्थ काम केव्हाही येईल, असा झाला. शकुनने विजयच्या मावशीच्या श्राद्धाच्या पंगतीतून उठून जिन्यात उभ्याने बटणं दाबली. परत येताना विजय टॅक्सीत म्हणाला, "पूर्वी तू दमून यायचीस. आता येतच नाहीस."

मग तो फोटो आला.

सकाळची वेळ होती. तापसदाचा चेहरा फोनच्या अगदी जवळ, कपाळावर घाम, केस विस्कटलेले. आणि मागच्या फोटोत पलंगावर कुशीला वळलेली त्याची आई. लुगडं बाजूला सारलेलं, पाठ, खांदा, कंबर सगळं उघडं. शेजारी स्टुलावर पाण्याचं भांडं, ओला पंचा आणि मेणकापडावरची घाण. तो आईला स्वच्छ करत होता. मध्येच साथी वाजला असणार आणि त्याने मनगटांच्या चिमटीत कसाबसा फोन उचलून तोंडासमोर धरला असणार. म्हातारीने मान वळवून थेट कॅमेऱ्याकडे पाहिलं होतं. तिचा चेहरा स्पष्ट आला होता.

शकुनने झटकन डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीही ते दिसत राहिलं.

तिने कोणतंही बटण दाबलं नाही. फोटो पुसायची सोय गटप्रमुखाला नव्हती. तिने अर्णवला फोन लावला.

"एक फोटो आलाय. तापस मंडलचा. तो ताबडतोब काढून टाका. त्याच्या आईचा आहे, ती आजारी आहे, अंगावर कपडा नाही तिच्या."

"अरे बाप रे," अर्णव म्हणाला. त्याच्या आवाजात हसू नव्हतं, पण दुसरंही काही नव्हतं. "बघतो मी. तुम्ही तेवढं लाल दाबून ठेवा, शकुनदी. खोलीत दुसरी व्यक्ती आहे ना."

"मी काही दाबणार नाही. तुम्ही आधी काढा."

"हो हो. काढतो."

महिन्यातून एकदा गटप्रमुखांनी प्रत्यक्ष जमायची पद्धत होती. उरलेल्या मजल्यावरच्या काचेच्या खोलीत मोठ्या पडद्याभोवती सगळे बसले. कॉफी आली, बिस्किटं आली. अर्णव बाह्या दुमडून उभा राहिला. घरी काम करताना लोक कोणकोणत्या चुका करतात, याची उदाहरणं त्याने आणली होती. पडद्यावर एकाचं पोर टेबलावर चढलेलं दिसलं, लोक हसले. एकीच्या मागे सासू भाजी निवडत होती, पुन्हा हसले. आणि मग पडद्यावर तो फोटो आला. भिंतभर.

तापसदाच्या चेहऱ्यावर धुरकट डाग टाकला होता. म्हातारीच्या चेहऱ्यावर नव्हता. अंगावरही नव्हता.

हसणं थांबलं. पण कोणी मान वळवली नाही. एकजण बिस्किट कॉफीत बुडवत होता, ते त्याने वेळेवर बाहेर काढलं आणि खाल्लं. शकुनच्या डोळ्यांसमोर ते बिस्किट पुढे कितीतरी दिवस येत राहिलं.

"कर्मचाऱ्याची ओळख आपण झाकलेली आहे," अर्णव सांगत होता. "खासगीपणा जपलाच पाहिजे. पण मुद्दा काय, तर हे कामाचं वातावरण आहे का?"

आपण केव्हा उठलो, ते शकुनला कळलं नाही. ती पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. प्रोजेक्टरचा झोत तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर पडला. तिने खाली पाहिलं तर म्हातारीचा उघडा खांदा तिच्या स्वतःच्या छातीवर होता.

"बंद करा ते!"

"शकुनदी, प्लीज, बसा. आपण नंतर..."

"बंद करा म्हणते ना! लाजा कशा वाटत नाहीत तुम्हाला?"

इतक्या वर्षांत ती या ऑफिसात मराठीत कधी बोलली नव्हती. कोणाला शब्द कळले नाहीत, पण कोपऱ्यातल्या एकाने उठून वायर उपटली. पडदा पांढरा झाला.

"तिचा चेहरा का नाही झाकलात?" आता तिने इंग्रजीत विचारलं.

अर्णव खरंच गोंधळला. "सिस्टीम फक्त कर्मचाऱ्यांचे चेहरे झाकते," तो म्हणाला. "त्या... त्या कर्मचारी नाहीत ना."

शकुन बाहेर आली आणि बेसिनशी वाकली. ओकारी आली असती तर बरं झालं असतं, पण आली नाही. तिने साबण घेऊन हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, पुन्हा धुतले. आरशात तिला आपला चेहरा बघवेना.

घरी तिने विजयला सांगितलं. त्याने आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "तापसला सांगू नकोस. त्याला कळलंच नाही तर त्याला दुखणारही नाही."

"म्हणजे त्याच्या आईला सगळ्यांनी पाहिलं, आणि तेवढं एकट्या त्यालाच माहीत नाही? रोज त्यांच्याशी बोलायचं त्याने, सर, सर करत?"

"सांगून काय मिळणार आहे?"

"काही नाही. पण न सांगता मी त्याच्याशी बोलले ना, विजय, तर मी त्या बिस्किटवाल्याहून वेगळी कशी?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बेहालाला गेली. बाजारामागची गल्ली, तळमजल्यावरची एक खोली आणि पुढे जाळी लावलेला व्हरांडा. दार उघडंच होतं. तिने टकटक केलं. तापसदा तिला बघून गडबडला, एकुलती खुर्ची पुसू लागला. आत खूप उकडत होतं, आणि शकुनने बोलता बोलता मागे हात नेऊन पंख्याचं बटण दाबलं. कपाटाआडचं बटण, दारातून न दिसणारं. या घरात ती आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवत होती. तापसदाने त्या बटणाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिचे कान तापले.

पलंगावरून म्हातारीने विचारलं, "के एलो रे?" कोण आलंय, म्हणून.

"ऑफिसातून आलेय, मासिमा," शकुन बंगालीत म्हणाली. मावशी म्हणावं तसं.

म्हातारीने आधी डोक्यावरून पदर ओढला, मग हसली. हात थरथरत होता, पण पदर तिने नीट कानामागे घेतला. "बस. बस गं. त्याला फार काम देता तुम्ही. माझी पाठ पुसता पुसता बिचाऱ्याला फोनला तोंड दाखवावं लागतं. मी म्हणते, आधी माझ्यावर चादर टाक रे. तर म्हणतो, आई, तो फक्त माझाच फोटो काढतो."

तापसदा खिडकीबाहेर बघत होता.

व्हरांड्यात येऊन तिने हळू आवाजात सगळं सांगितलं. मधे थांबली असती तर तिला पुढे बोलवलं नसतं. तापसदा ऐकत राहिला. मग त्याने एवढंच विचारलं, "कोण कोण होतं?"

तिने नावं सांगितली. एका नावाशी त्याने तिला थांबवलं.

"ती पूजेला आमच्याकडे आली होती. आईने तिला नारळाचे लाडू बांधून दिले होते." मग एकदम त्याचा आवाज चिरकला. "आणि तुम्ही, शकुनदी? तुम्हीही रोज बघतच होता ना?"

"हो," ती म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? खोलीत नवीन बायकोचं पोलकं टाकलेलं असो की म्हाताऱ्याची कवळी ग्लासात असो, तिने हिरवं दाबलं होतं, आणि महिन्याच्या महिन्याला पगार घेतला होता. तापसदा जाळीला धरून उभा राहिला. थोड्या वेळाने म्हणाला, "आईला यातलं काही कळता कामा नये." शकुनने मान हलवली. निघताना म्हातारीने तिला चहा न घेता कशी जातेस म्हणून दटावलं, आणि तिने तो चहा घेतला, उकडणाऱ्या त्या खोलीत, शेवटच्या घोटापर्यंत.

तक्रार दोघांनी मिळून केली. कंपनीकडे केली, परदेशातल्या ग्राहक कंपनीला कळवलं, पोलिसांच्या सायबर विभागातही जाऊन आले. तिथल्या अधिकाऱ्याने पुरावा म्हणून तो फोटो मागितला, तेव्हा तापसदा खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, "तो आणखी कोणी बघू नये म्हणूनच आलो आहे, साहेब." अधिकारी भला होता. त्याने पेन खाली ठेवलं आणि पुन्हा उचललं. शेवटी फोटोशिवाय तक्रार नोंदवली.

हालचाल झाली ती परदेशातून. ग्राहक कंपनीने कडक शब्दांत विचारणा केली आणि आठवड्याच्या आत साथीचा मागचा डोळा बंद झाला. त्याला तांत्रिक सुधारणा म्हटलं गेलं. तापसदाला एक मेल आला. 'आपल्या कुटुंबातील सदस्यास झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे.' फोटो पुसला असल्याचंही त्यात होतं. पुसला की नाही, कोण बघायला जाणार? शकुनकडून गट काढून घेतला गेला. पडद्यासमोर उभं राहणं हे तिच्या पदाला शोभलं नाही, असं ठरलं. अर्णवला काही झालं नाही. उलट थोड्याच दिवसांनी त्याने सगळ्या कंपनीसाठी व्हिडिओवरून एक व्याख्यान दिलं, 'विश्वासावर उभं राहिलेलं काम'. बाह्या दुमडलेल्या, चेहरा हसरा, मागे पुस्तकांचं सुबक कपाट. त्याच्या घरातलं बाकी काहीच दिसत नव्हतं. शकुनने अर्धं ऐकलं आणि तिला इतका उबग आला की तिने बसल्या जागी राजीनामा लिहून पाठवला.

तापसदाने मात्र नोकरी सोडली नाही. शकुनला ते आधी झोंबलं. तिने फोनवर विचारलंही, "तुम्हाला अजून त्या लोकांचं तोंड कसं बघवतं?"

"तुम्ही सोडलीत, तुम्हाला जमलं," तो म्हणाला. तिरकस नव्हता बोलत. "मी पुन्हा दोन बस बदलून कुठे जायला लागलो तर आईला कोण बघणार? घरी बसून काम मिळतंय हे खोटं नाही ना, शकुनदी. वाईट आहे, पण माझ्या उपयोगाचं आहे."



आता ती बालीगंज स्टेशनजवळ एका विमा सर्व्हेअरच्या छोट्या कचेरीत जाते. घरं पडली, गुदामं जळली की स्वतः जाऊन बघायचं. मालकाची परवानगी घेऊन, तो बरोबर असताना. दुर्गापूजेच्या आधी एकदा ती बेहालाला मासिमांना भेटायला गेली. पलंग खोलीत नव्हता. मागचा डोळा बंद झाला तरी कामाच्या खोलीत दुसरी व्यक्ती नको, हा नियम तसाच होता, आणि आवाज टिपून घेणारी नवी सोय आली होती. म्हातारी रात्रंदिवस कण्हायची. तापसदाने पलंग व्हरांड्यात सरकवला होता. जाळीला आतून जुनी साडी बांधली होती, गल्लीतून कोणाला दिसू नये म्हणून.

"इथे वारा लागतो गं," मासिमा खुशीत म्हणाल्या. "फेरीवाल्यांचे आवाज येतात. आत मी मेल्यासारखी पडून असायचे."

आतल्या बंद दारामागे तापसदा कोणाशी तरी इंग्रजीत बोलत होता, मऊ, आदबशीर आवाजात. शकुन पलंगाच्या कडेवर बसली. मासिमांनी तिचा हात हातात घेतला आणि कोपऱ्यावरच्या मंडपाचं काम कुठवर आलंय ते विचारलं. शकुनने सांगितलं, बांबू उभे झालेत, कापड चढायचंय. म्हातारी समाधानाने मान हलवत राहिली. आणि शकुनला पुन्हा तीच जुनी शिसारी आली. ती गिळून शकुन मासिमांशी मंडपाबद्दल बोलत राहिली.